स्वाहिली आणि हिब्रू: शब्द जुळतात, मग भाषा एका घरातल्या का नाहीत?

प्रश्न असा आहे: "स्वाहिली आणि हिब्रूतल्या सारख्या शब्दांची एक लांबलचक यादी वाचली. दाम–दामू (रक्त), शालोम–सलामा (शांती, क्षेम), शेवा–साबा (सात), मायिम–माजी (पाणी), लायला–लाला (रात्र, झोपणे), अब्बा–बाबा (वडील). यावरून बांटू भाषा हिब्रूतून निघाल्या असं धरायचं का? नसेल, तर इतके शब्द जुळतात कसे?"

नाही, बांटू भाषा हिब्रूतून निघालेल्या नाहीत. पण प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण यादीतले शब्द खरे आहेत. शब्दकोश उघडून कुणीही तपासून घ्यावेत. गडबड होते ती सगळ्या जोड्या एकाच तराजूत घातल्यामुळे. मी शब्दसंग्रहांची तुलना करण्याचं काम वर्षानुवर्षं करत आलो आहे, आणि अशी यादी हातात आली की पहिलं काम करतो ते जोड्या वेगळ्या करण्याचं: कुठला शब्द उसना आहे, कुठला घरचा आहे आणि कुठे नुसता योगायोग आहे.

आधी कुळं पाहू. हिब्रू ही सेमिटिक भाषा. अरबी, अरामी आणि इथिओपियातली अम्हारिक या तिच्या बहिणी. जरा लांबच्या नात्यात प्राचीन इजिप्शियन, बर्बर, सोमाली, हाउसा येतात. या सगळ्या कुळाला आफ्रो-आशियाई म्हणतात. बांटू भाषा सुमारे पाचशे, कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या; स्वाहिली, झुलू, शोना, किकुयू, लिंगाला या त्यांतल्याच. त्या नायजर-काँगो कुळाची एक फांदी आहेत, आणि आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेच्या आसपास त्यांचं मूळ घर होतं. तिथून चार-पाच हजार वर्षांपूर्वी त्या पूर्वेला आणि दक्षिणेला सरकू लागल्या. 'बांटू' हे नाव १९व्या शतकात जर्मन भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यांनी रूढ केलं. झुलूमध्ये 'अबांटू' म्हणजे माणसं, स्वाहिलीत 'वाटू', शोनात 'वान्हू'.

आता यादी. तिच्यातल्या बऱ्याच जोड्यांच्या मध्ये अरबी उभी आहे. 'स्वाहिली' हे नावच अरबीतल्या 'सवाहिल', म्हणजे किनारे, या शब्दावरून आलं. किल्वा, लामू, मोंबासा, झांझिबार या पूर्व आफ्रिकेच्या बंदरांत मोसमी वाऱ्यांवर अरबी गलबतं शतकानुशतकं येत राहिली. इस्लाम आला, लिपी आली, हिशेबाची आणि न्यायाची भाषा आली. १९व्या शतकात ओमानच्या सुलतानाने तर राजधानीच झांझिबारला हलवली. स्वाहिलीतले ज्ञात असलेले सर्वांत जुने कागद म्हणजे किल्वाहून १७११ मध्ये लिहिलेली पत्रं. ती अरबी लिपीत आहेत आणि आपल्या गोव्याच्या पुराभिलेखागारात जपलेली आहेत, कारण ती मोझांबिकच्या पोर्तुगीजांना आणि त्यांच्या स्थानिक मित्रांना लिहिलेली होती. अशा किनाऱ्यावरच्या भाषेत अरबी शब्द नसते तरच नवल. आणि अरबी ही हिब्रूची बहीण, त्यामुळे स्वाहिलीने अरबीतून उचललेला शब्द हिब्रूसारखा दिसणारच.

हे नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी आकडे घ्या, त्यांच्यासारखा पुरावा नाही. स्वाहिलीत एक ते दहा असे मोजतात: मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता, साबा, नाने, तिसा, कुमी. हिब्रूत: अहात, श्तायिम, शालोश, अर्बा, हामेश, शेश, शेवा, श्मोने, तेशा, एसेर. जुळतात ते फक्त तीन: सहा, सात आणि नऊ. आईच्या मांडीवर शिकलेले एक ते पाच, आणि आठ, दहा यांचा हिब्रूशी काही संबंध नाही. उलट 'तातू' झुलूत 'थाथू', शोनात 'तातू', किकुयूत 'इथातू' असा भेटतो, आणि 'कुमी' किकुयूत 'इकुमी', शोनात 'गुमी', झुलूत 'इशुमी'. पण सहा-सात-नऊला या बहिणी स्वाहिलीची साथ सोडतात. किकुयूत नऊला 'केन्डा' म्हणतात. आणि गंमत अशी की जुन्या स्वाहिलीतही नऊ म्हणजे 'केन्डा'च होता. 'तिसा'ने तो नंतर बाजूला सारला. म्हणजे घरचा शब्द गेला कधी आणि पाहुणा बसला कुठे, हे आपल्याला भाषेतच दिसतं. वीसपासून नव्वदपर्यंतचे दशक तर सगळे अरबी आहेत: इशिरिनी, थेलाथिनी, अरोबाइनी, हम्सिनी, सितिनी, सबिनी, थेमानिनी, तिसिनी. व्यापारात मोठे आकडे लागतात, ते व्यापाऱ्यांकडून आले.

इथे कुणी विचारेल: हे शब्द अरबीतूनच आले कशावरून? थेट हिब्रूतून का नाही? याचं उत्तर ध्वनींमध्ये आहे, आणि मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मूळ सेमिटिक भाषेतले काही ध्वनी अरबीत एका वाटेने गेले आणि हिब्रूत दुसऱ्या. सातमधला आरंभीचा ध्वनी अरबीत 'स' झाला (सबआ), हिब्रूत 'श' राहिला (शेवा). वीसमध्ये बरोबर उलटं: अरबीत 'श' (इश्रीन), हिब्रूत 'स' (एस्रिम). आता स्वाहिली पाहा. सात 'साबा', वीस 'इशिरिनी'. जिथे हिब्रूत श आहे तिथे स्वाहिलीत स, जिथे हिब्रूत स आहे तिथे स्वाहिलीत श. दोन्ही वेळा ती अरबीच्या बाजूने उभी राहते. स्वाहिलीला श उच्चारता येत नव्हता असंही नाही. 'मोशी' म्हणजे धूर, 'शुका' म्हणजे उतरणे, हे तिचे अस्सल घरचे शब्द आहेत. शब्द हिब्रूतून आले असते तर 'शेबा' आणि 'एसिरिमु' असं काहीतरी मिळालं असतं.

आणखी एक खूण. हिब्रू आणि तिच्या शेजारच्या कनानी भाषांत फार जुन्या काळी लांब 'आ'चा 'ओ' झाला. इजिप्तमध्ये सापडलेल्या अमार्ना पत्रांत, म्हणजे इसवी सनपूर्व १४व्या शतकातच, त्याच्या खुणा आहेत. म्हणून अरबी 'सलाम', हिब्रू 'शालोम'. अरबी 'थलाथा', हिब्रू 'शालोश'. स्वाहिलीत काय आहे? 'सलामा' आणि 'थेलाथिनी'. दोन्हीकडे 'आ' शाबूत. शिवाय अनेकवचनाचा प्रत्यय: हिब्रूत 'इम', अरबीत 'ईन', आणि स्वाहिलीतले दशक 'इनी'ने संपतात. एकट्या-दुकट्या खुणेवर मी विसंबलो नसतो, पण चार वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

मराठी वाचकाला हे स्वतःच्या घरात तपासता येतं. 'वारस' आणि 'वारसा' हे शब्द घ्या. अरबी मूळ व-र-थ, ज्यात शेवटचा ध्वनी इंग्रजी 'थिंक'मधल्या थ सारखा. फारसी माणसं तो ध्वनी 'स' असा उच्चारतात, आणि आपल्याकडे शब्द फारसीमार्गे आला, म्हणून 'वारस'. स्वाहिलीकडे तो किनाऱ्यावर अरबांच्या तोंडून आला, म्हणून तिथे 'म्रिथी' म्हणजे वारस, 'उरिथी' म्हणजे वारसा, थ जसाच्या तसा. हिब्रूत याच मुळापासून 'योरेश' म्हणजे वारस आणि 'येरुशा' म्हणजे वारसा. सेमिटिक आरंभीचा 'व' हिब्रूत 'य' होतो आणि हा थ 'श' होतो, हे दोन्ही नियम त्यात दिसतात. तसंच आपला 'हिशेब', स्वाहिली 'हेसाबू', हिब्रू 'हेश्बोन'. शब्दांच्या अशा याद्यांवरून नातं ठरत असेल तर मराठीही हिब्रूची लेक ठरेल. तसं कुणी म्हणत नाही, कारण आपल्याला 'हिशेब' कुठून आला हे ठाऊक आहे. स्वाहिली बोलणाऱ्यांनाही त्यांचे शब्द कुठून आले हे ठाऊक आहे. त्यांना विचारलं जात नाही एवढंच.

आठवड्याचे वारही बघण्यासारखे आहेत. स्वाहिलीत गुरुवार 'अल्हामिसी', म्हणजे अरबी पाचवा, आणि हिब्रूतही गुरुवार 'योम हमिशी', पाचवा दिवस. अशा याद्यांत ही जोडी मोठ्या उत्साहाने दिलेली असते. पण बुधवार स्वाहिलीत 'जुमातानो' आहे, आणि 'तानो' म्हणजे घरचा पाच! घरची मोजणी शनिवारपासून सुरू होते, अरबी रविवारपासून, म्हणून दोन पाचवे दिवस शेजारी-शेजारी बसले आहेत. आणि ज्या शब्दाची सर्वांत जास्त अपेक्षा ठेवावी तो शब्बाथ, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीचा शनिवार, स्वाहिलीत साधा 'जुमामोसी' आहे, पहिला दिवस. 'सबातो' हा शब्द आहे, पण तो ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या भाषेतला.

'दामू'कडे वळू. रक्त हा शब्द सहसा उसना घेतला जात नाही, म्हणून ही जोडी लोकांना भक्कम पुरावा वाटते. मलाही ती यादीतली सर्वांत गंभीरपणे घेण्यासारखी वाटते. अशा वेळी एकच उपाय: भाषेच्या बहिणींना विचारा. झुलूत रक्त 'इगाझी', शोनात 'रोपा', किकुयूत 'थाकामे'. 'दाम'च्या जवळ जाणारं यात काहीच नाही. शब्द बांटूंच्या मूळ घरातला असता तर तो किनाऱ्यापासून दूरच्या भाषांतही सापडला असता. तो किनाऱ्यावरच सापडतो, जिथे अरबी होती. मृत्यूचंही तसंच. 'माउती' हा अरबी 'मौत', हिब्रू 'मावेत', आणि तो बोलण्यात गंभीर, धार्मिक प्रसंगी येतो. रोजचं मरणं मात्र 'कुफा', जे झुलूत 'उकुफा', शोनात 'कुफा', लिंगालात 'कोकुफा'. सणासुदीचे शब्द पाहुणे असू शकतात, रोजचे बहुधा घरचेच असतात.

'मायिम–माजी' ही जोडी वेगळ्या जातीची आहे, आणि तिच्यावर थोडा वेळ घालवायला हवा. इथे अरबीचा हात नाही. 'माजी' हा अस्सल बांटू शब्द. झुलूत 'अमान्झी', लिंगालात 'माइ', किकुयूत 'माआई'. लिंगालातलं 'माइ' तर हिब्रूच्या 'मायिम'च्या स्वाहिलीपेक्षाही जवळ जातं. मग? मग शब्द सोलायचा. बांटू भाषांत प्रत्येक नाम एका वर्गात बसतं आणि वर्गाचा उपसर्ग त्याच्या पुढे लागतो. द्रव पदार्थांची बरीच नामं 'मा' वर्गात बसतात: माफूता (तेल), माझीवा (दूध), माते (लाळ), माचोझी (अश्रू). 'माजी'तला 'मा' हाच उपसर्ग आहे. पाण्याचा खरा धातू, म्हणजे शब्दाचा गाभा, मागे उरतो तो 'जी'. आता हिब्रू 'मायिम' सोला. तिथे 'यिम' हा अनेकवचनी शेपूट आहे आणि 'म' हा धातूचा भाग; अरबीत पाणी 'मा' आहेच. म्हणजे जुळलेला 'मा' एकीकडे तेल-दूध-लाळ सगळ्यांना लागणारा उपसर्ग आहे आणि दुसरीकडे प्रत्यक्ष पाणी. धातूशी धातू ताडून पाहिला तर हातात काही येत नाही. शब्दांची तुलना करण्याआधी त्यांचे तुकडे त्या-त्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे पाडावे लागतात. यादी करणारे हे काम सोडून देतात, आणि सगळी फसगत तिथे होते.

'लायला–लाला' यावर फार लिहायची गरज नाही. 'लाला' म्हणजे झोपणे, झुलूतही तेच, पण शोनात 'रारा'. हा ल-र चा खेळ बांटू भाषांत नियमाने चालतो आणि मागे एका मूळ 'द'कडे घेऊन जातो, हिब्रूच्या ल-कडे जात नाही. 'अब्बा–बाबा' आणि 'इम्मा–मामा' तर जगभर सापडतात, कारण तान्ह्या मुलाच्या ओठांना आधी हेच ध्वनी जमतात. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील, यावरून काय ते समजावं. पहिल्या पुरुषाचा 'नी' (स्वाहिली 'निनापेंडा', मी प्रेम करतो, हिब्रू 'अनी', मी) हाही असाच. तमिळमध्ये मी म्हणजे 'नान'. एका 'न'वर नातं उभं राहत नाही.

ज्याला स्वतः यादी तपासायची आहे त्याला एक सोपी युक्ती सांगतो. स्वाहिलीतली अस्सल बांटू क्रियापदं 'आ'ने संपतात: पेंडा, लाला, फान्या. शेवटी इ, उ किंवा ए दिसला की शब्द बहुधा अरबी: फिकिरी (विचार करणे), फहामू (समजणे), समेहे (क्षमा करणे), साफिरी (प्रवास करणे), जिबू (उत्तर देणे, आपला जबाब). एवढ्याने यादीतली बरीच क्रियापदं बाजूला काढता येतात. पण हे पाहुणे शब्दही राहतात बांटू घराच्या रीतीनेच. 'फहामू'ला बांटू प्रत्यय लागून 'फहामिशा', समजावणे, होतं. 'किताबू' म्हणजे पुस्तक. त्यातला अरबी 'कि' स्वाहिलीने आपल्या 'कि' वर्गाचा उपसर्ग मानला आणि अनेकवचन केलं 'विताबू', जसं 'किसू–विसू' (सुरी, सुऱ्या). हिब्रूत याच क-त-ब मुळाची व्यंजनं स्थिर राहतात आणि मधले स्वर बदलतात: काताव, त्याने लिहिलं, मिख्ताव, पत्र, केतुबा, विवाहाचा करार. दोन्ही भाषांची यंत्रणाच वेगळी आहे, आणि कुळ ठरवताना यंत्रणा शब्दांपेक्षा जास्त बोलते.

मग हा दावा इतका चिवट का? त्यामागे इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर अपुरं राहील. १९व्या शतकात युरोपीय प्रवाशांना आफ्रिकेत जे काही भव्य दिसलं त्याचं श्रेय ते बाहेरच्यांना देत. १८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख ग्रेट झिंबाब्वे या जुन्या नगराच्या दगडी भिंतींपाशी पोचला आणि त्याने बायबलमधल्या शेबाच्या राणीशी त्यांचा संबंध जोडला. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून ते काम तिथल्याच आफ्रिकी लोकांचं असल्याचं दाखवलं. तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, तेव्हाच्या गोऱ्या सरकारला ते पचलं नाही. बांटू भाषांना हिब्रूच्या पोटी घालणं हे त्याच जातीचं आहे, करणाऱ्याचा हेतू कितीही आदराचा असो. या भाषांची स्वतःची काही हजार वर्षांची कहाणी आहे. कार्ल माइनहोफ, माल्कम गथ्री यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी ती नियमांनिशी जुळवली आहे, आणि हिब्रूचं मोठेपण उसनं घ्यायची तिला गरज नाही.

यावर लेंबांचं उदाहरण पुढे केलं जातं, आणि ते आदराने घ्यायला हवं. झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो भागात राहणारे हे लोक डुकराचं मांस खात नाहीत, सुंता करतात, आणि आपले पूर्वज 'सेना' नावाच्या गावाहून समुद्रापलीकडून आले असं सांगतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्या बुबा कुळातल्या पुरुषांत, ज्यू पुरोहित घराण्यांत आढळणारा वाय गुणसूत्राचा नमुना लक्षणीय प्रमाणात दिसला. पुढच्या, अधिक बारीक अभ्यासांत पश्चिम आशियाशी संबंध दिसला, पण तो खास ज्यूच असल्याचं ठरलं नाही. भाषेच्या प्रश्नात मात्र याने काहीच बदलत नाही. लेंबा व्हेंडा आणि शोना बोलतात, त्या भाषा पूर्णपणे बांटू आहेत. माणसाचे पूर्वज आणि त्याच्या भाषेचे पूर्वज वेगळे असू शकतात. आपल्या रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू याचा जिवंत दाखला: एके काळी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली', पेणकर-रोहेकर अशी गावांची आडनावं, आणि मातृभाषा मराठी. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण या ज्यू सणाची पोथी 'हग्गादा' हिब्रूसोबत मराठी भाषांतर देऊन छापली गेली, कारण घरच्यांना कळायची ती मराठीच. त्यांच्या ज्यू असण्यावर शंका नाही, आणि त्यांची मराठी हिब्रूतून आलेली नाही.

तुम्हाला हिब्रूचे नातेवाईक आफ्रिकेत शोधायचेच असतील तर बांटू पट्ट्याच्या उत्तरेला जा. उत्तर नायजेरियातल्या हाउसा भाषेत मरणे म्हणजे 'मुतू'. हिब्रूत 'मेत', मेलेला. प्राचीन इजिप्शियनमध्येही म-व-त हीच व्यंजनं. हा धातू हाउसाच्या चाडिक बहिणींतही, म्हणजे आफ्रो-आशियाई कुळातल्या तिच्याच फांदीवरच्या भाषांतही, दूरवर पसरलेला आहे, अरबीचा वारा न लागलेल्या खेड्यांतल्या भाषांतही, म्हणून तो वारशाचा मानतात, उसना नाही. स्वाहिलीतला 'माउती' आणि हाउसातला 'मुतू' कानाला सारखेच लागतात. एक गलबतावरून उतरला, दुसरा कुळातून आला. तुमच्या यादीतल्या प्रत्येक शब्दासमोर झुलू, शोना, किकुयू आणि लिंगाला असे चार रकाने आखा, त्यांतला प्रतिशब्द भरा, उपसर्ग सोलून टाका, आणि मग पाहा हिब्रूच्या रकान्याशी काय उरतं. शक्य झालं तर पोकोमो आणि मिजिकेंडा या स्वाहिलीच्या अगदी सख्ख्या बहिणींचाही रकाना करा. कुठला शब्द किनाऱ्यावर थांबला आणि कुठला आत शिरला, हे त्या दोघी सर्वांत स्पष्ट सांगतात.